भिंतीवरचा तक्ता आणि डोंगरावरची नाचणी

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच्या एका शाळेत आम्ही मध्यंतरी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो होतो. बाहेर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची न संपणारी रांग आणि आत व्हरांड्यात मुलांची लगबग. एका भिंतीवर २०२३ सालापासून टांगलेला मोठा रंगीत तक्ता होता. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा, कोद्रा आणि राजगिरा यांची चित्रे, आणि वर ठळक अक्षरांत 'आपल्या पूर्वजांचे अन्न'. तक्त्याखाली उभी असलेली आठवीतली मुलगी सगळी माहिती न अडखळता सांगत होती. तिचे सांगून झाल्यावर आम्ही सहज विचारले, ''यातले तुमच्या घरी काय खातात?'' ती जरा गोंधळली. मग म्हणाली, ''सर, आमच्याकडे तांदळाची भाकरी. आजी म्हणते, ज्वारी तिने कधी थापलीच नाही.''

आमच्या दृष्टीने प्रदर्शनातला सर्वात मोलाचा विज्ञानप्रयोग हाच होता. तक्ता एक सांगतो, आजी दुसरे सांगते. दोघांपैकी कोण बरोबर, याचा छडा लावायला हवा. तसे तेथे झाले नाही. मुलगी पुढच्या पाहुण्यांसमोर तेच पाठांतर म्हणू लागली. असे तक्ते, पुस्तिका आणि भित्तिपत्रके गेल्या काही वर्षांत असंख्य शाळांत गेली आहेत, आणि अनेक शिक्षक त्यांच्या आधारे पाठ घेतात. म्हणून या साहित्याकडे जरा बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटले. ही धान्ये चांगली आहेत याबद्दल आमचा वाद नाही. आम्हीही नाचणीची भाकरी आवडीने खातो. पण चांगल्या गोष्टीची बाजू चुकीच्या पुराव्याने मांडली, तर मुले चुकीच्या पुराव्यावर विश्वास ठेवायला शिकतात.

थोडी पार्श्वभूमी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे या धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले. प्रस्ताव भारताचा होता. त्याआधी २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून या धान्यांना 'भरड धान्ये' न म्हणता 'पौष्टिक धान्ये' म्हणावे असे ठरवले होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हे नाव आले. महाराष्ट्रात 'पौष्टिक तृणधान्य वर्ष' साजरे झाले.

आता नावांपासूनच सुरुवात करू. तृण म्हणजे गवत. गवताच्या कुळातल्या वनस्पतींचे दाणे ती तृणधान्ये. या अर्थाने भात आणि गहू हीही तृणधान्येच, मकाही. मग 'तृणधान्य वर्ष' म्हणताना भात-गहू कुठे गेले, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर शिक्षकांपाशी उत्तर नसते. उलट तक्त्यावर ज्या राजगिऱ्याचे चित्र असते तो गवताच्या कुळातला नाहीच. तो द्विदल आहे. त्याचे पान रुंद, शिरा जाळीदार. २०१८ च्या अधिसूचनेत राजगिरा आणि कुट्टू यांना आभासी धान्ये म्हणून यादीत घेतले आहे, म्हणजे तेथे खुलासा आहे. तक्ता बनवताना तो गळला. शाळेच्या कुंडीत राजगिरा आणि नाचणी शेजारी शेजारी पेरली आणि पंधरा दिवसांनी पाने हातात घेऊन पाहिली, तर सहावीतल्या मुलालाही फरक सांगता येईल.

'भरड' या शब्दाविषयीही दोन शब्द. नाचणीचा दाणा मोहरीच्या जवळपासचा, एखाद-दीड मिलिमीटरचा. तो भरड कसा? आपल्या जुन्या भाषेत याहून कठोर शब्द होता, कदन्न; वाईट अन्न. हा शब्द दाण्याचे वर्णन करत नाही, खाणाऱ्याची पायरी सांगतो. तेव्हा नाव बदलण्यामागची भावना आम्हाला समजते. पण कदन्नाचे एकदम श्री अन्न केल्याने मुलाला दाण्याविषयी काही कळते असे नाही. त्यापेक्षा ज्वारीला ज्वारी आणि वरीला वरी म्हणावे. तेथेही गोंधळ आहेच. 'वरी', 'वरई', 'सावा', 'भगर' ही नावे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत तीन निरनिराळ्या वनस्पतींना लावली जातात. भगर हे बहुधा कांडून साफ केलेल्या दाण्याचे नाव असते. आपल्या भागात कोणत्या दाण्याला काय म्हणतात याची नोंद मुलांनी करावी. तक्त्यातले नाव गावात चालेलच असे नाही.

'पूर्वजांचे अन्न' या वाक्याचे आणखी एक गमतीदार अंग आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्हींचे मूळ आफ्रिकेत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून ही पिके केव्हातरी, समुद्रमार्गे वा किनाऱ्याकिनाऱ्याने, भारतात येऊन रुजली. राळा चीनकडचा, राजगिरा अमेरिका खंडातला. यादीतले खरोखर इथल्या मातीत माणसाळलेले म्हणावे तर कोद्रा आणि लहान दाण्याची वरई. आणि नेमकी वरई आपण 'धान्य' मानतच नाही. म्हणून ती उपासाला चालते! परकी ठरणारी भाकरी वर्ज्य आणि देशी वरीचे तांदूळ फराळाला, असा हा प्रकार. चार हजार वर्षे पिकलेल्या धान्याला परके म्हणणे अर्थातच हास्यास्पद होईल. आम्हाला एवढेच सुचवायचे आहे की 'आपले' आणि 'परके' या शब्दांनी पिकांचा इतिहास नीट मांडता येत नाही. बंदराच्या गावातल्या मुलांना तर हे पटकन समजावे. त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज द्राक्षे आणि कांदे परदेशी जातात.

आता आजीकडे वळू. उरण-पनवेलचा हा किनारी पट्टा म्हणजे खाडीचा, खारट जमिनीचा. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची; ओहोटीला ती उघडून पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला बंद करायची. पावसाळ्यात गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघाले की भाताची लावणी. अशा जमिनीत तग धरणाऱ्या लालसर दाण्याच्या 'राता'सारख्या भाताच्या जाती येथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. पनवेलला खारजमिनींसाठी संशोधन केंद्र आहे आणि तेथून क्षार सहन करणाऱ्या भाताच्या सुधारित जाती निघाल्या. शेजारी मिठागरे, समोर खाडीतली मासळी. तेव्हा आगरी-कोळी घरात भात, तांदळाची भाकरी आणि सुकट हा आहार असणे यात नवल नाही. ज्वारी-बाजरी हे घाटावरचे, देशावरचे अन्न. आजी बरोबर होती.

पण म्हणून तक्ता सर्वस्वी चूक होता असेही नाही. कारण या पट्ट्यात भाताशिवाय दुसरी जमीन होती आणि तिचे नाव वरकस. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची १८८२-८३ ची गॅझेटियरे उघडली तर भातानंतर जी पिके दिसतात ती नाचणी (नागली) आणि वरी, आणि ती डोंगरउताराच्या वरकस जमिनीत. सातबाराच्या उताऱ्यावर हा शब्द अजून भेटतो. उतार, उथळ माती, दगड. पाणी थांबत नाही, नांगर नीट फिरत नाही, आकारणी सर्वांत कमी. या जमिनीत दरवर्षी पीक घेता येत नसे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कोद्रा (हरीक), तीळ किंवा कारळा असे काही, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक. पडीक काळात गवत-झुडपे वाढत, मातीला कस परत येई. ही फेरपालट कोणत्या पुस्तकातून आलेली नव्हती.

नाचणीची रोपे तयार करण्यासाठी राब भाजायचा. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून त्यावर माती टाकायची आणि पेटवून द्यायचे. भातासाठीही हेच. इंग्रज वनाधिकाऱ्यांना ही पद्धत म्हणजे जंगलाची नासाडी वाटली आणि त्यांनी राबासाठी पाला तोडण्यावर बंधने आणली. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ च्या सुमारास राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. राखेतल्या पोषक द्रव्यांखेरीज माती तापण्याचाही रोपांना उपयोग होतो, असे त्यातून दिसले. शेतकऱ्याला हे ठाऊक होते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण रोप जोमदार येते हे त्याला ठाऊक होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उतारावर पीक घेतल्याने माती वाहून जाते, आणि पडीक ठेवायची वर्षे कमी झाली की ती आणखी झपाट्याने जाते. वनाधिकाऱ्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. पारंपरिक शेतीचे चित्र रंगवताना हा भाग कुणी दाखवत नाही.

जंगल आणि शेत यांचा हा संबंध किती जिव्हाळ्याचा होता, याची साक्ष उरण तालुक्यातलेच चिरनेर देते. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही मारले गेले. ही गोष्ट इतिहासाच्या तासाला येते. तिचा शेतीशी, राबाशी, डोंगरावरच्या पिकाशी असलेला धागा विज्ञानाच्या तासाला जोडता येईल.

मग खाडीकाठच्या घरात नाचणी होती की नव्हती? वरकस ज्याच्या वाट्याला होती, डोंगराच्या पायथ्याशी जो राहत होता, त्याच्या घरात होती. ठाकूर-कातकरी वाड्यांवर होती. भात विकून पैसा येई, भात जमीनदाराला खंडापोटी द्यावा लागे. डोंगरावरचे नाचणी-वरीचे पीक विशेषतः पावसाळ्याच्या तोंडी, घरातला तांदूळ संपत आल्यावर, उपयोगी पडे. नाचणीचा दाणा लहान, घट्ट सालीचा. त्याला कीड सहसा लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. साठवणीचे हे धान्य होते. म्हणजे आहार ठरत होता तो गावाच्या नावाने नव्हे. जमिनीच्या प्रतीवरून, मालकीवरून आणि ऋतूवरून. 'आपले पूर्वज हे खात' या वाक्यातले 'आपले' कोण, हे विचारल्याशिवाय वाक्य खरेही नाही आणि खोटेही नाही.

तक्त्यावर एक ओळ होती: 'काळाच्या ओघात, बदललेल्या आवडीनिवडींमुळे आपण ही धान्ये विसरलो.' या ओळीशी आमचे सर्वात मोठे भांडण आहे. न्हावा शेव्याच्या परिसरात ही ओळ टांगणे फारच विचित्र आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले; जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना या लढ्यातून आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. शेवा गावच्या लोकांना उठून दुसरीकडे वसावे लागले. भातखाचरांवर कंटेनरची आगारे आणि गोदामे आली, टेकड्या भरावासाठी पोखरल्या गेल्या. अलीकडे विमानतळासाठी उलव्याची आख्खी टेकडी कापून सपाट केली. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला तो याच बाजूला उतरतो. येथे नाचणी कोणी विसरले नाही. नाचणीची जमीन राहिली नाही. बंदर व्हायला नको होते असे आमचे म्हणणे नाही, तो वेगळा विषय आहे. पण झालेल्या गोष्टीचे कारण मुलाच्या आजीच्या आवडीनिवडीवर ढकलणे हे विज्ञानही नाही आणि न्यायही नाही.

देशभरातली घटही केवळ आवडीची नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास भारतात या धान्यांखाली सुमारे ३७ दशलक्ष हेक्टर जमीन होती. गेल्या दशकात ती १४-१५ दशलक्षांवर आली. या काळात गहू आणि भाताच्या नव्या जाती, पाणी, खत, हमीची खरेदी आणि रेशन दुकान अशी सारी साखळी दोनच धान्यांभोवती बांधली गेली. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी ज्वारी, 'मिलो', खाल्ली आणि तिची आठवण जुन्या लोकांना अजून कडू लागते. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर ठरवला (२०२३ पासून हे धान्य मोफत आहे). ज्वारी-बाजरी स्वस्त मिळावी हा हेतू चांगलाच, पण उतरंड तीच राहिली. याउलट किमान आधारभूत किमतीच्या यादीत २०२५-२६ साठी नाचणी क्विंटलला ४,८८६ रुपये आणि साधे भात २,३६९ रुपये, म्हणजे नाचणी दुपटीहून वर. यादीत भाव असणे आणि गावाजवळ तो भाव देणारे खरेदी केंद्र असणे यांत अंतर असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय हेक्टरी उत्पन्नात भात नाचणीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त येतो.

आणि श्रम. हा मुद्दा आम्हाला एकाही तक्त्यात सापडला नाही. चिखल नसलेल्या उतारावर वाकून नाचणीची रोपे लावायची, तण काढायचे, कणसे एकाच वेळी पिकत नाहीत म्हणून खुडून आणायची, वाळवायची, झोडायची, जात्यावर दळायची. वरईचे तर टरफल घट्ट. उखळ-मुसळात कांडल्याशिवाय दाणा सुटत नाही आणि दाणा इतका बारीक की पाखडताना निम्मा कोंड्यात जातो. हे सारे काम बहुतांशी बायकांचे. भाताची गिरणी गावोगाव आली. बारीक दाण्यांच्या कांडपाचे यंत्र फार उशिरा आणि मोजक्या ठिकाणी आले. ज्या बाईने वरी कांडायचे सोडले तिला 'परंपरा विसरली' म्हणणाऱ्याने तासभर मुसळ हातात धरून पाहावे.

'कमी पाण्यात येणारी पिके' हे विधानही तक्त्यात सरसकट होते. सोलापूरच्या रब्बी ज्वारीबद्दल किंवा अहिल्यानगरच्या बाजरीबद्दल ते खरे आहे. उरणला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. येथे नाचणी डोंगरावर लावतात ती पाणी कमी म्हणून नव्हे. तेथे पाणी थांबत नाही, भाताला लागते तसे खाचर करता येत नाही, आणि नाचणीच्या मुळांना साचलेले पाणी मानवत नाही, म्हणून. एकाच गावात खाली भात आणि वर नाचणी ही विभागणी निचऱ्याची आहे.

या ठिकाणी वरच्या वर्गांना प्रकाशसंश्लेषणाचा एक सुंदर भाग शिकवता येतो. भात आणि गहू हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडताना जे विकर वापरतात ते चुकून ऑक्सिजनही पकडते. उष्णता वाढली की ही चूक वाढते आणि कमाईतला भाग वाया जातो. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई यांनी यावर उपाय शोधला आहे. त्या आधी कार्बन डायऑक्साइड चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधतात, ते संयुग पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत नेतात आणि तेथे तो वायू सोडतात. तेथे त्याचे प्रमाण इतके दाट होते की चूक फारशी होत नाही. म्हणून यांना सी-चार वनस्पती म्हणतात. ऊस व मका याच गटातले, आणि हा मार्ग प्रथम उसातच उलगडला. (आपला द्विदल राजगिराही सी-चार आहे. निसर्गाने ही युक्ती अनेकदा स्वतंत्रपणे शोधली.) मात्र या युक्तीचा पुरा फायदा कडक ऊन असताना मिळतो. कोकणातल्या ढगाळ श्रावणात नाचणीला तो तितका मिळत नाही. पिकाचा गुण आणि त्या गुणाचा उपयोग होण्याची परिस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हा भेद दाखवता आला तर तक्ता टांगल्याचे सार्थक होईल.

राहिले पोषण. तक्त्याच्या खालच्या भागात लिहिले होते: 'या धान्यांत प्रथिने, कॅल्शियम व लोह भरपूर. दुधाच्या तिप्पट कॅल्शियम.' हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या तक्त्यांतले आकडे पूर्णांकात घेऊन पाहू. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम. खरोखरच धान्यांत अजोड. पण ज्वारीत फक्त २८ आणि बाजरीत २७. गव्हाच्या पिठात ३१! म्हणजे कॅल्शियम हा या 'धान्यांचा' गुण नव्हे, एकट्या नाचणीचा आहे. प्रथिने बाजरीत ११ ग्रॅम, ज्वारीत १०, आणि नाचणीत ७. पॉलिश केलेल्या तांदळात ८. कॅल्शियममध्ये पहिली येणारी नाचणी प्रथिनांत तांदळाच्याही किंचित मागे आहे. सात निरनिराळ्या वनस्पतींचे उत्तमोत्तम गुण एकत्र करून ते सातही जणींना वाटून दिले की असे तक्ते तयार होतात.

'दुधाच्या तिप्पट' हा आकडा कसा आला? शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ११८ मिलिग्रॅम. ३६४ ला ११८ ने भागले की तीन. गणित बरोबर, तुलना चूक. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी असते आणि नाचणी कोरडी असते. मुलांना दुधातले पाणी वजा करायला सांगा. तेरा ग्रॅम घन भागात ११८, तर शंभर ग्रॅममध्ये सुमारे ९०८. नाचणीतला दहा-अकरा टक्के ओलावा वजा केला तर सुमारे ४०९. पारडे उलटले! अर्थात आपण दुधाची भुकटी खात नाही आणि नाचणीचे पीठ फाकत नाही, तेव्हा ही तुलनाही तितकीशी उपयोगाची नाही. खरी तुलना पानात होते. मुलाच्या दोन लहान भाकऱ्यांना ऐंशी ग्रॅम पीठ धरले तर सुमारे २९० मिलिग्रॅम. एक पेलाभर, दोनशे ग्रॅम दुधात २३६. दहा-बारा वर्षांच्या मुलाची दिवसाची शिफारस ८५० मिलिग्रॅम आहे. आता चित्र स्पष्ट होते आणि नाचणीची बाजूही तिचा तिला न्याय देऊन मांडली जाते.

त्यातही खाल्लेले सारे शोषले जात नाही. नाचणीत फायटेट, ऑक्झलेट आणि टॅनिन असतात. ते कॅल्शियम-लोहाला बांधून ठेवतात. नाचणी भिजवून मोड आणल्यावर दाण्यातली विकरे जागी होतात आणि फायटेटचे प्रमाण घटते. बाळाला नाचणीचे सत्त्व देण्यामागे आणि आंबील आंबवण्यामागे हा फायदा आहे, मग तो करणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

धान्य एकटे पुरत नाही याचा एक दाखला आपल्याच दख्खनमधला आहे. ज्वारीवर जवळजवळ सर्वस्वी गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग दिसे: त्वचेवर चट्टे, जुलाब, भ्रम. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. पुढे या कल्पनेवर वाद झाले आणि इतर जीवनसत्त्वांची कमतरताही त्यात असावी असे दिसले. पण डाळ, भाजी, दूध यांची जोड असलेल्या ताटात तीच ज्वारी निरुपद्रवी ठरते, हे तर नक्की. परंपरेतला आहार म्हणजे कायम भरलेले ताट असे चित्र आपण रंगवतो. अनेकांच्या वाट्याला भाकरी आणि मीठच येत असे.

आणि शेव्याच्या आजीचे काय? तिला कॅल्शियम कुठून मिळत होते? सुकटीतून. जवळा सालीसकट खाल्ला जातो, लहान मासळी काट्यांसकट. बारीक सुक्या मासळीत कॅल्शियम विपुल असते. तांदळात ते शंभर ग्रॅमला जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. पण तांदळाच्या भाकरीशेजारी सुकट होती. डोंगरावरच्या ठाकरांच्या पानात सुकट कमी आणि नाचणी जास्त. एकाच तालुक्यात, दोन-तीन कोसांच्या अंतरावर, हीच गरज दोन वाटांनी भागत होती. हे आम्हाला अतिशय विलक्षण वाटते, आणि कोणत्याही छापील तक्त्यात ते येणार नाही, कारण तक्ता साऱ्या देशासाठी एकच छापलेला असतो. आता खाडीतल्या भरावामुळे मासळीही पूर्वीसारखी राहिली नाही असे कोळी सांगतात. म्हणजे दोन्ही वाटा अडल्या. त्या मुलांच्या पानात कॅल्शियम आज कशातून येते, हा प्रश्न 'पूर्वजांचे अन्न' या मथळ्यापेक्षा कितीतरी निकडीचा आहे.

परतताना आम्ही त्या शाळेतल्या बाईंशी बोललो. तक्ता काढून टाकू नका, असे आम्ही सुचवले. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावा. मुलांनी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला चार गोष्टी विचाराव्यात: लहानपणी पावसाळ्यात काय खात होता, दिवाळीनंतर काय खात होता, ते धान्य कोणत्या जमिनीतून येई, आणि ती जमीन आज कुठे आहे. बाईंनी पुढच्या महिन्यात पत्र पाठवले. बेचाळीस मुलांपैकी एकोणतीस जणांनी तांदूळ लिहिला होता, सहा जणांनी नाचणी, तिघांनी दोन्ही. चार मुलांची घरे घाटावरून बंदराच्या नोकरीसाठी आलेली, त्यांनी ज्वारी-बाजरी लिहिली. चौथ्या प्रश्नापुढे एका मुलाने यार्डाचा नंबर लिहिला होता.